जोहारापासून जलशापर्यंत : हसू कुणाचं, हसं कुणाचं?

दलित कवितेत विनोद नाही, ही तक्रार जुनी आहे. आक्रोश आहे, शिव्या आहेत, आग आहे, पण हसू म्हणून नाही, असं समीक्षक मंडळी वर्षानुवर्षं लिहीत आली. आता आपलीच पोरंही तेच म्हणायला लागलीत, आणि वर छाती काढून म्हणतात, आम्ही जळतोय, आम्हाला हसायला वेळ कुठाय? दोघांनाही माझं सांगणं एकच आहे. तुम्ही छापलेली पानं चाळलीत. आपला विनोद पटांगणात होता, बत्तीच्या उजेडात, आणि तो लिहून घ्यायला तिथं कुणी बसलं नव्हतं.

पुस्तकी इतिहासात विनोदी कविता म्हटली की पहिलं नाव येतं केशवकुमारांचं. ‘झेंडूची फुलें’ १९२५ सालची. आचार्य अत्र्यांनी त्यात त्या काळच्या कवींच्या नटव्या भाषेची, रविकिरण मंडळी थाटाची अशी रेवडी उडवली की आजही वाचताना हसू फुटतं. मलाही फुटतं, त्यात पाप नाही. पण ते हसणं एका दिवाणखान्यातलं आहे. कवी कवीला हसतोय, वाचकाला दोघंही ओळखीचे. शाळा-कॉलेजात विडंबन शिकवतात ते एवढंच. पण मराठीत लोक त्याच्या कितीतरी आधीपासून हसत होते, आणि हसवणारे बहुतेक गावकुसाबाहेरचे होते. तेव्हा मी या इतिहासाला दुसराच प्रश्न विचारतो. हसू कुणाचं आणि हसं कुणाचं?

सुरवात एकनाथांपासून करू. पैठणचे एकनाथ, १५३३ ते १५९९. त्यांनी शेकड्यानं भारुडं रचली. त्यात वेडी, मुरळी, जोशी, भुत्या अशी नाना सोंगं येतात. त्यातल्या चाळीसच्या वर भारुडांत बोलणारा आहे महार. हातात काठी, खांद्यावर घोंगडी, तोंडात जोहार. गावचा निरोप्या, वेशीचा राखणदार, मेल्याची खबर नेणारा. एकनाथ त्याच्या तोंडून बोलतात, आणि हा महार गावाला सांगतो, बाबांनो, यमाचं बोलावणं यायचंय, हिशेब तयार ठेवा. एका भारुडात ब्राह्मण महाराला माजला म्हणून दरडावतो आणि महार त्याला असं ज्ञान सांगतो की ब्राह्मणाचीच बोलती बंद होते. सोळाव्या शतकात एका ब्राह्मण संतानं असं लिहिलं, हे मी छोटं मानत नाही. एकनाथांनी महाराचं पोर वाळवंटातून उचलून घेतलं, महाराच्या घरी जेवले, अशा आख्यायिका आहेत. त्यांच्या माणुसकीबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार दुसरी आहे. त्या सोंगातला महार शहाणा आहे, कारण त्याच्या घोंगडीखाली एकनाथ आहेत. महाराचं सोंग घेतलेला माणूस ज्ञान सांगू लागला की लोकांना गंमत वाटते. का वाटते? तर महारानं ज्ञान सांगणं हेच त्यांना उलटं वाटतं म्हणून. गाय झाडावर चढली म्हटल्यासारखं. आणि खरा महार तेव्हा कुठं असेल? देवळाबाहेर, कुडाच्या आडोशाला, आपलंच सोंग ऐकत. तोही हसला असेल. पण तो कशाला हसला हे भारुडात आलेलं नाही.

तमाशात मात्र सोंग घेणारा आपलाच माणूस आहे. महार, मांग, कोल्हाटी यांनी तमाशा उभा केला. वगाचं नाव घेतलं की उमा-बाबू सावळजकरांचं नाव घ्यावं लागतं. ‘मोहना-बटाव’ त्यांचा, एकोणिसाव्या शतकातला, आणि ही मांगाची माणसं. गण, गवळण, बतावणी, वग अशी तमाशाची बैठक. गणात गणपतीला नमन होतं. गवळणीत कृष्ण वाट अडवतो, पेंद्या आणि मावशी धिंगाणा घालतात. बतावणीत सोंगाड्या तोंडाला येईल ते बोलतो आणि वगात राजा-प्रधानालाही सोडत नाही. म्हंजे देव, राजा, सावकार, पाटील, सगळ्यांची टिंगल करायचा परवाना सोंगाड्याला होता. मोठे अभ्यासक याला लोकांचं स्वातंत्र्य वगैरे म्हणतात.

मी म्हणतो, परवाना कितीचा? एका रात्रीचा. रात्री ज्या पाटलाला सोंगाड्यानं गाढवावर बसवलं, त्याच पाटलाच्या दारात सकाळी त्याला भाकरीला उभं राहायचंय. आणि पाटील रागवत नाही. उलट मांडी थोपटून हसतो, फेटा सावरतो, दौलतजादा करतो. ज्या टिंगलीवर पाटील स्वतः बक्षीस देतो ती टिंगल पाटलाला कुठं लागली? सोंगाड्या चांगला होता, त्याची जीभ तलवारीसारखी होती, पण म्यान पाटलाच्या कमरेला होतं.

दुसरंही आहे, ते जास्त अवघड आहे. त्या हसण्यातला मोठा हिस्सा बाईवरचा होता. दोन अर्थांचं बोलणं, इशारा, शिट्टी. समोर नाचणारी बाई आपली. पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी, जातीनं ब्राह्मण. त्यांनी घरदार, जात सोडून तमाशा जवळ केला आणि लावणीत नाव अमर केलं. त्यांची पवळा महाराची. बापूरावांनी तमाशाच्या उत्पन्नातून चळवळीला पैसे देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, महाराच्या बाया नाचवून मिळालेला पैसा मला नको म्हणून, अशी हकीगत आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. कुणाला यात कलेचा अपमान दिसतो. मला त्यात एक रोकडा प्रश्न दिसतो. हसणाऱ्यानं दिलेले पैसे कुणाच्या अंगावरून वसूल झाले?

सोंगाड्याची बाजू बदलली ती जोतीरावांनी. १८५५ साली, वय वर्षं २८, त्यांनी ‘तृतीय रत्न’ नावाचं नाटक लिहिलं. दक्षिणा प्राइज कमिटीकडं धाडलं, कमिटीनं ते नाकारलं. पुढं सव्वाशे वर्षांनी, १९७९ मध्ये, ते छापून आलं. गोष्ट साधी आहे. गरोदर कुणबिणीच्या दारात जोशी येतो, ग्रहांची भीती घालतो, आणि त्या घरातलं होतं नव्हतं ते ब्राह्मणभोजनात जातं. पण त्या नाटकात एक विदूषक आहे. संस्कृत नाटकातला विदूषक कोण असतो? राजाचा मित्र, खादाड, जातीनं ब्राह्मण. जोतीरावांनी त्याच विदूषकाला उचलून कुणब्याच्या बाजूला आणून उभा केला. जोशी एक थाप मारतो की विदूषक लोकांकडं वळून सांगतो, बघा, आता हा काय करतोय. हसं जोशाचं होतं आणि त्याच हसण्यात कुणब्याला आपली फसवणूक कळत जाते. ही दिशा आधी कुणी दिली नव्हती.

मग १८६९ चं ‘ब्राह्मणांचे कसब’. हे पद्यात आहे. माणूस जन्मल्यापासून मरेपर्यंत, आणि मेल्यावरसुद्धा, भटजी कुठकुठल्या निमित्तानं दारात येतो याची ती यादी आहे. जन्म, लग्न, घरभरणी, मरण, श्राद्ध. जोतीरावांना कंत्राटाच्या कामाची सवय होती, हिशेब त्यांच्या हाडात होता. ते बिलं मांडत जातात आणि बिलं वाचता वाचता हसू येतं. ‘गुलामगिरी’ (१८७३) गद्य आहे, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. परशुराम चिरंजीव आहे म्हणतात ना? मग जोतीरावांनी त्याला सरळ पत्र काढलं, तारीख घालून, मुदत देऊन. सहा महिन्यांत हजर हो. हजर झाला नाही तर चिरंजीव कसला, हे लोक समजून घेतील. इंग्रजाच्या कोर्टाची नोटीस आणि पुराणातला अवतार एका कागदावर आणले. सत्यशोधक जलसे पुढं याच वाटेनं गेले. गणात गणपती ठेवला नाही, बतावणीत भटजी आणि सावकार पकडले.

आता आपल्या जलशाकडं येतो. आंबेडकरी जलसा. नाशिककडचे भीमराव कर्डक हे त्यातलं मोठं नाव. १९३० च्या काळाराम सत्याग्रहाच्या आगेमागे जलशाला भर आला. कर्डकांच्या एका जलशाचं मोल आपल्या दहा सभांएवढं, असं बाबासाहेब म्हणाल्याचं जुनी माणसं सांगत आली. कर्डकांनी म्हातारपणी, १९७८ साली, ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहिलं. ज्यानं जयंतीच्या स्टेजवर कधी माईक धरलाय त्यानं ते वाचलेलं नसेल तर आधी वाचावं.

जलशाला विनोदाचा माल शोधायला लांब जावं लागलं नाही. माल सनातनी लोकच पुरवत होते. महाडचंच घ्या. बोल्यांचा ठराव १९२३ चा. सार्वजनिक पाणवठे, विहिरी अस्पृश्यांना मोकळ्या. महाड नगरपालिकेनं पुढच्या वर्षी तो मान्य केला, कागदावर. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीनं घेतलं. मग तळं बाटलं. मग शुद्धी. तळ्यातलं १०८ घागरी पाणी बाहेर काढलं, आणि शेण, गोमूत्र, दूध, दही भरलेल्या घागरी मंत्र म्हणत तळ्यात बुडवल्या. नंतर कोर्टात दहा वर्षं भांडण चाललं. १९३७ मध्ये हायकोर्टानं निकाल आपल्या बाजूनं दिला.

या घटनेवर विनोद कसा करायचा? करायचाच नाही. आहे तसं सांगायचं, फक्त सोंगाड्याच्या तोंडून. बतावणी कशी चालते हे नव्या पोरांना कळावं म्हणून एक तुकडा लिहितो. हा माझा आहे, जुन्या कुठल्या जलशातला नाही.

शाहीर : काय रे, महाडाला गेलतास म्हणं. काय पाहिलंस?
सोंगाड्या : तळं पाहिलं. म्हशी डुंबत व्हत्या.
शाहीर : मग?
सोंगाड्या : कुत्री पीत व्हती.
शाहीर : अन् तू?
सोंगाड्या : मीबी प्यालो. तसं तळं घाण झालं.
शाहीर : अरेरे! मग?
सोंगाड्या : मग त्येंनी त्यात शेण टाकलं, मूत टाकलं.
शाहीर : आरं आरं आरं! आणखी घाण?
सोंगाड्या : येडा का खुळा तू? साफ झालं न्हवं!

यात शिवी नाही. अतिशयोक्ती नाही. एक अक्षर खोटं नाही. सोंगाड्या खुळ्यासारखा सगळं मान्य करत जातो, आणि मान्य करता करता समोरच्याचं शास्त्र उघडं पडतं. पूर्वी तोच सोंगाड्या, तोच खुळेपणा होता, पण लोक खुळ्याला हसायचे. इथं लोक खुळ्याबरोबर हसतात. आणि हसणारे पाटलाच्या ओसरीवर बसलेले नाहीत, महारवाड्यात, चाळीच्या चौकात, आपल्या पैशानं आणलेल्या बत्तीखाली बसलेत. परवाना द्यायला कुणी नाही, काढून घ्यायलाही कुणी नाही.

पण जलसा नुसता दुसऱ्याला हसला असता तर मी एवढा लिहीत बसलो नसतो. तो आपल्यालाही हसला, आणि मला वाटतं त्याची खरी ताकद तिथं होती. मेलेलं ढोर ओढणं, मढ्याचं मांस, दारू, भगत-देवऋषी, पोरीला मुरळी सोडणं, जत्रेसाठी कर्ज, लग्नात सावकाराकडं घर गहाण. बाबासाहेब हे सोडा म्हणून सभेत कडक बोलायचे. सभेत मान खाली जाते. जलशात तेच ऐकून माणूस हसतो आणि घरी जाताना गप्प होतो. बापाला तोंडावर दारूडा म्हणायची पोराची छाती नव्हती. सोंगाड्या झोकांड्या खात आला, की सगळी चाळ त्याच्यात आपापला बाप बघून हसायची आणि बापही हसायचा. ही टिंगल माणसाला लहान करत नव्हती, कारण टिंगल करणारा त्याच रांगेत राहणारा होता. सकाळी त्याच नळावर त्याचीही घागर असायची.

एक कमतरता सांगतो. जलशानं बाई नाचवणं बंद केलं, ते बरोबरच केलं. पण त्याबरोबर बाई स्टेजवरून गेली. बाईचं काम पुरुष करू लागले. तमाशातल्या बायांचं पुढं काय झालं, चळवळीनं आणि समाजानं त्यांच्याकडं कसं पाहिलं, यावर शैलजा पाईक यांचं ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ हे इंग्रजी पुस्तक २०२२ मध्ये आलंय. त्यातले प्रश्न आपल्याला टोचणारे आहेत, म्हणून टाळू नका. बायांचा विनोद मेला नव्हता. तो जात्यावर होता, हळदीत होता, विहिणीला घातलेल्या शिव्यांच्या गाण्यात होता. आमच्या आयांना विचारा, भटजीपासून नवऱ्यापर्यंत कुणाला सोडायच्या नाहीत. जलशानं त्यांना बोलावलं असतं तर पुरुषांच्या झोकांड्यांवरचा फार्स आणखी झणझणीत झाला असता.

वामनदादा कर्डकांना आज आपण महाकवी म्हणतो, त्यांचं गाणं लागलं की उभे राहतो. देशवंडीचा, सिन्नर तालुक्यातला हा माणूस, जन्म १९२२ चा. मुंबईत गिरणीत राबला. कुणी पत्र वाचायला दिलं तर वाचता येईना, म्हणून रडला आणि मोठेपणी अक्षर शिकला. त्यांचं १९४३ मधलं पहिलं गाणं कुठलं? एका हिंदी सिनेमाच्या गाण्यावर केलेलं विडंबन. बघा म्हंजे, महाकवीची पहिली ठिणगी टिंगलीतून पडली. मलाही लिहिण्याचा नाद असाच लागला, रिंग खात्यात जॉबरवर चार ओळी जुळवून, म्हणून मला याचं विशेष वाटतं. अण्णाभाऊ साठे दीड दिवस शाळेत गेले म्हणतात. १९४४ मध्ये अमर शेख, गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. ‘अकलेची गोष्ट’सारख्या लोकनाट्यांत गणातला गणपती गेला, गवळण गेली आणि सोंगाड्या कामगार-शेतकऱ्याचा झाला. स्वातंत्र्य आल्यावर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली ती अश्लीलतेच्या नावाखाली. लाल बावट्याच्या कार्यक्रमांवर बंदी आली तेव्हा मात्र अश्लीलतेचं नाव घ्यायची सोय नव्हती. सरकारला कुठलं हसू झोंबलं ते यावरून ओळखा.

मग एवढं सगळं होतं तर गेलं कुठं? माझं उत्तर असं आहे. जलशातलं गाणं वहीत लिहिलेलं असायचं, पाठ व्हायचं, दुसरा शाहीर उतरवून घ्यायचा. गाणी टिकली, पुढं छापली गेली, मग कॅसेटात गेली. बतावणी लिहिलेली नसायची. विषय ठरलेला असायचा, बोलणं त्या रात्री, त्या गावात, समोरच्या माणसाकडं बघून सुचायचं. नाशकात एक, परळच्या चाळीत दुसरं. सोंगाड्या मेला की बतावणी मेली. म्हणून आज आपल्या हातात जे उरलंय त्यात वंदना आहे, दुःख आहे, ललकारी आहे, आणि हसणारा अर्धा भाग गळालाय. उरलेला अर्धा पाहून समीक्षक म्हणाले, यांना हसता येत नाही. आपण तेच खरं मानलं.

मानलं आणि तसंच वागायलाही लागलो. जयंतीला चार तास कार्यक्रम चालतो. छाती फुटेल असा आवाज. एकामागून एक बाबासाहेबांच्या मोठेपणाची गाणी. मी त्या गाण्यांवर नाचतो, नाही म्हणत नाही. पण चार तासांत एक माणूस हसत नाही. आपल्यावर बोलणारा, आपल्याला चिमटा काढणारा एक माणूस स्टेजवर येत नाही. रिपब्लिकन पक्ष ३ ऑक्टोबर १९५७ ला निघाला आणि १९५९ मध्ये फुटला. एका गटाचं नाव पडलं ‘दुरुस्त’, दुसऱ्याचं ‘नादुरुस्त’. ही नावं खरी आहेत, कुठल्या सोंगाड्यानं बनवलेली नाहीत! पुढं गटांची गणती ठेवणंही सोडून दिलं आपण. नाक्यावर, चहाच्या टपरीवर आपला प्रत्येक पोरगा यावर विनोद करतो. स्टेजवर कोण करतो? स्टेजवर तेच गट हारतुरे घालतात. कर्डकांच्या काळातला सोंगाड्या असता तर त्यानं एकाच कोटाला चार जण ओढतायत आणि प्रत्येक जण एकेक बाही घेऊन पूर्ण कोट मिळाला म्हणून मिरवतोय, असा फार्स केला असता, आणि पुढारी पहिल्या रांगेत बसून घामाघूम झाले असते.

आपण हसायचं सोडलं म्हणून बाकीच्यांनी सोडलेलं नाही. सवलतीवरचे विनोद रोज मोबाइलवर फिरतायत. आमच्या खात्यात एक जण मला नेहमी म्हणायचा, तुमचं काय बाबा, तुम्ही सरकारचे जावई. पहिल्यांदा मी भांडलो. दुसऱ्यांदा आकडे सांगितले. तिसऱ्यांदा म्हणालो, जावई असतो तर तिसऱ्या पाळीला बॉबिन बदलायला आलो असतो का? सासऱ्याला सांगून पहिली पाळी घेतली असती. सगळं खातं हसलं, आणि त्यातले निम्मे त्याच्या जातीचे होते. त्यानंतर तो ते वाक्य बोलला नाही. भांडणानं आणि आकड्यांनी तो गप्प बसला नव्हता.

तेव्हा दोस्तांनो, ज्यांना चळवळीच्या इतिहासाचं काम करायचंय त्यांच्यासाठी एक काम आहे, आणि त्याला घाई आहे. आपल्या वस्तीत, गावाकडं, ज्यांनी पोरवयात जलसा पाहिला अशी म्हातारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरलीत. त्यांच्याकडं जा. फोन चालू करून समोर ठेवा. गाणी विचारू नका, गाणी ते आपणहून म्हणतील. विचारा, तुमच्या जलशात सोंगाड्याचं काम कोण करायचं, तो कसा चालत यायचा, आणि लोक कुठल्या बोलण्याला हसायचे.